तलाव राखणे : परिसंस्थेचे संरक्षण आणि व्यवस्थापन

प्रास्ताविक



मराठी विषयाच्या पुस्तिकेत परिसंस्थेवरचा घटक पाहून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. हा विषय विज्ञानाच्या पुस्तकातला, असे आपण शाळेपासून मानत आलो आहोत. परंतु परिसंस्था राखण्याचे काम बहुतांशी गावातच होते, आणि गावात जे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते त्याची पहिली नोंद भाषेत होते. म्हणून या घटकात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. निसर्ग जर स्वतःच्या बळावर चालतो, तर त्याचे व्यवस्थापन आणि संरक्षण माणसाने का करावे?

उदाहरणासाठी आपण गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड आणि त्या भोवतालचा तलावांचा व जंगलाचा प्रदेश घेऊ. तुमच्यापैकी जे या भागात राहतात त्यांना यातील पुष्कळसे ठाऊक असेल. त्यांनी माझे म्हणणे तपासून पाहावे. जे कोकणात वा मराठवाड्यात राहतात त्यांनी तलावाच्या जागी आपल्याकडची देवराई, खाजण किंवा गायरान ठेवून वाचावे.

‘परिसंस्था’ हा शब्द

सजीव आणि त्यांच्याभोवतीचे पाणी, माती, हवा, ऊन यांची मिळून जी एक परस्परावलंबी व्यवस्था होते, तिच्यासाठी आर्थर टॅन्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली ‘इकोसिस्टिम’ ही संज्ञा वापरली. मराठीत तिच्यासाठी ‘परिसंस्था’ हा शब्द रूढ झाला. संस्कृतात ‘संस्था’ म्हणजे एकत्र उभे असणे, एकत्र टिकून राहणे. आजच्या मराठीत मात्र ‘संस्था’ म्हटले की आपल्याला शिक्षणसंस्था आठवते, सहकारी संस्था आठवते. म्हणजे सभासद, नियम, हिशेब आणि वार्षिक सभा असलेली, कोणीतरी चालवावी लागणारी गोष्ट. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात हा दुसरा अर्थ असेलच असे नाही. पण शब्दाने तो आपल्याला आयता दिला आहे आणि चिचगडच्या परिसरात तो नेमका लागू पडतो.

सर्वच परिसंस्थांना चालक लागतो असे नाही. दाट अरण्याच्या गाभ्यात माणसाने आपला हात आवरणे हेच उत्तम व्यवस्थापन ठरते. चिचगडच्या पश्चिमेस असलेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झाले, ते याच विचाराने; २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्यामागेही हाच विचार होता. परंतु ज्या परिसंस्थेच्या घडणीतच माणसाचा हात आहे, ती ‘नुसती सोडून दिली’ तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर जंगलाच्या गाभ्यापेक्षा गावाच्या तलावात अधिक स्पष्ट दिसते.

तलाव कशासाठी होता

देवरीहून दक्षिणेकडे निघाले की चिचगड लागते. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली जिल्हा, मध्ये साग-ऐन-मोह-तेंदूचे मिश्र जंगल आणि जंगलाच्या कुशीत धानाच्या बांध्या. जुन्या भंडारा जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांपैकी एक चिचगडची होती; गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. (गावाच्या नावात चिंच असावी असे कोणालाही वाटेल. स्थळनामांच्या बाबतीत जे सहज वाटते ते तपासल्याशिवाय लिहू नये, एवढी सवय भाषेच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.)

या भागात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा भरघोस आहे. मग तलावाची गरज काय? पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि धानाच्या लोंबीत दाणा भरण्याची वेळ त्यानंतर येते. त्या दोन-तीन आठवड्यांत पाणी मिळाले नाही तर हिरवेगार दिसणारे पीक पोचट राहते. पूर्व विदर्भातील तलाव मुख्यतः ही फट सांधण्यासाठी बांधले गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळत असे, असे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाई. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच येते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील या कोहळ्याने बांधला, असे मानतात. पुढे लोकांनी त्याला देवत्व दिले.

आता तलावाची अंगे पाहू. येथील झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, त्यामुळे प्रमाण मराठीतील ‘पाळ’ येथे ‘पार’ होते. तलावाची पार म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध. पावसाळ्यात तलाव भरला की जास्तीचे पाणी ज्या वाटेने सुरक्षित बाहेर पडते ती ‘सलंग’. शेताला पाणी सोडण्याची सोय म्हणजे ‘तुडुम’. तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात. वरचे भोक आधी उघडायचे, पाणी उतरेल तसे खालचे. त्यामुळे पाणी नेहमी वरच्या थरातले, निवळ आणि उन्हाने तापलेले जाते. तळाचा गाळ हलत नाही आणि पाण्याचा दाबही आवाक्यात राहतो. पाणी वाटण्याचे काम ‘पाणकर’ पाही आणि त्याचा मोबदला धान्यात मिळे. शेताच्या वरच्या अंगाला असलेला लहान तलाव म्हणजे ‘बोडी’. एका तलावाच्या सलंगेचे पाणी पुढच्या तलावात किंवा बोडीत उतरे, म्हणून वरच्या गावाने सलंग नीट राखली नाही तर खालच्या गावाची पार फुटे. म्हणजे हे तलाव पाण्याने जोडलेले होतेच, शिवाय एकमेकांवरच्या जबाबदारीनेही जोडलेले होते.

येथे एक चूक सांगते. संशोधनाच्या दिवसांत मी या भागात बोलीतील शब्द गोळा करीत हिंडत होते. एका गावात पारीवर बसलेल्या वृद्ध पाणकराने मला ‘तुडुम’ हा शब्द सांगितला. मी वहीत लिहिले, ‘तुडुम : नाम, नपुंसकलिंग, तलावातून पाणी सोडण्याची जागा’, आणि पुढच्या शब्दाकडे वळले. कोणते भोक कोणत्या नक्षत्रात उघडायचे, कोणत्या शेताला आधी पाणी द्यायचे, भांडण झाले तर काय करायचे, हे विचारावे असे मला सुचलेच नाही. पुष्कळ वर्षांनी त्याच गावी पुन्हा गेले. ते गृहस्थ हयात नव्हते. तुडुमाच्या जागी सिमेंटचे बांधकाम आणि लोखंडी झडप होती आणि झडप गंजून अर्धी उघडी अडकली होती. शब्द माझ्या वहीत सुखरूप होता. ज्ञान गेले होते.

व्यवस्था मोडली तेव्हा

१९५० च्या कायद्यान्वये त्यावेळच्या मध्य प्रदेश राज्यात, म्हणजे आपल्या विदर्भातही, मालगुजारी व जमीनदारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाच्या मालकीचे झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. कागदोपत्री त्याचे ‘मा. मा. तलाव’ झाले आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. संक्षेपातून नवे नाव कसे जन्मते याचे हे उत्तम उदाहरण आहे. मात्र मामा म्हटल्याने नात्याचा ओलावा आला, असे काही झाले नाही.

जमीनदारी जाणे न्याय्यच होते. मालगुजाराच्या अमलाखाली वेठबिगार होती, तलावाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून फुकट राबवून घेतले जाई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. परंतु जुन्या व्यवस्थेबरोबर दोन गोष्टी होत्या. एक, गावाचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘निस्तारपत्रक’ यांत लिहिलेले होते. तलावाचे पाणी कोणी घ्यावे, गुरे कोठे न्यावीत, जळण कोठून आणावे, या दैनंदिन गरजांना येथे ‘निस्तार’ म्हणतात. दोन, दरवर्षी उन्हाळ्यात पारीची डागडुजी होई आणि तळाचा गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. नव्या रचनेत मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने गेली, तलावाच्या वरचे जंगल वन खात्याकडे राहिले आणि पोटातली उघडी पडणारी जमीन महसूल खात्याच्या कागदावर. एकसंध परिसंस्थेचे असे चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला मालक मिळाला, पण संपूर्ण तलावाकडे पाहणारे कोणी उरले नाही.

परिणाम लगेच दिसले नाहीत. परिसंस्था मोडते तेव्हा बहुधा असेच होते. तिच्यात साठवलेली ताकद काही वर्षे पुरते. वरच्या उतारावरचे जंगल विरळ झाले तशी पावसाबरोबर माती वाहून येऊ लागली. गाळ साचला, खोली कमी झाली, काठ लवकर उघडा पडू लागला, आणि उघड्या काठावर अतिक्रमणाचे धान उभे राहिले. ज्याचे शेत तलावाच्या पोटात आहे त्याला तलाव भरलेला नको असतो! तो सलंग खोदून पाणी काढून देतो. त्याला दुष्ट म्हणून प्रश्न सुटत नाही. त्याच्याजवळ बहुधा दुसरी जमीनच नसते.

काठावर आणखी एक पाहुणी आली. तिला लोकांनी दिलेले नाव ‘बेशरम’. ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला बरी, असे वाटून ती लावली गेली. तोडलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो. काही वर्षांत ती काठ व्यापते, गाळ अडवते आणि देशी वनस्पतींना ऊन मिळू देत नाही. नावातच न्यायनिवाडा करून टाकणारे शब्द भाषेत फार नसतात. हा त्यांपैकी एक.

पाण्याखालचे जग

या तलावांतील वनस्पतींकडे वरवर पाहणारा ‘शेवाळ’ म्हणून मोकळा होतो. वास्तविक तेथे थर असतात. उथळ काठाला देवधान, म्हणजे रानटी भात. त्यापुढे पाण्यावर पाने टेकवणारे कमळ आणि त्याचे भाऊबंद. त्याहून आत पूर्ण बुडालेल्या, रिबिनीसारख्या पानांच्या वनस्पती. बुडालेल्या वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात, मासे त्यांना अंडी चिकटवतात, पिल्ले त्यांच्यात लपतात. तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटे करतो. मरळ, मागूर, शिंगी यांसारखे स्थानिक मासे अशा पाण्यात स्वतः वाढतात. त्यांचे बीज कोठून विकत आणावे लागत नाही.

उत्पन्न वाढवण्याच्या हेतूने तलावांत कतला, रोहू, मृगळ हे मोठे मासे सोडण्याची पद्धत आली. हे नद्यांचे मासे आहेत. साठलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करीत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते. पुढे गवत्या आणि सायप्रिनस हे मासेही आले. गवत्या वनस्पती खातो. सायप्रिनस अन्न शोधताना तळ उकरतो, पाणी गढूळ होते, ऊन आत पोहोचत नाही आणि उरल्यासुरल्या वनस्पती मरतात. वनस्पती गेल्या की स्थानिक मासे जातात, आणि ज्यांची उपजीविका त्यांवर होती ती ढिवर कुटुंबे बीज, खत आणि ठेक्याच्या पैशासाठी कर्जात जातात. पाहा, सर्व पावले शुभ हेतूने टाकलेली आहेत. तलाव ही परिसंस्था आहे हे विसरून तो माशांचा हौद आहे असे मानले, एवढीच चूक.

याचा उलटा प्रवासही याच प्रदेशात झाला आहे. भंडाऱ्याच्या ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट’ या संस्थेने, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, भंडारा-गोंदियातील ढिवर मच्छीमार संस्थांबरोबर तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. कोणत्या वनस्पती होत्या, कोठे होत्या, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राही, ही माहिती ढिवरांच्या स्मरणातून मिळाली. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायची, कडक झालेला तळ नांगरायचा, शेजारच्या चांगल्या तलावातून देशी वनस्पती आणून पावसाच्या तोंडाशी लावायच्या, विणीच्या दिवसांत मासेमारी थांबवायची. भातरोवणीची सवय असलेल्या हातांनी, विशेषतः स्त्रियांनी, तलावाच्या चिखलात ही रोवणी केली. वनस्पती रुजल्या, त्यामागून स्थानिक मासे आले, पक्षी आले.

या उदाहरणात ‘संरक्षण’ आणि ‘व्यवस्थापन’ यांतील भेद नीट दिसतो. तलावाभोवती कुंपण घालून फलक लावला असता तर आत बेशरमच सुरक्षित राहिली असती. याउलट नुसते यंत्र लावून गाळ काढला तर खोली वाढते, पण सौम्य उताराचा काठ जाऊन उभा खड्डा तयार होतो. देवधानाला उतार हवा असतो, आणि पाण्यात घरटे करणाऱ्या सारसालाही उथळ पाणीच हवे असते. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागातच उरला आहे, तोही मोजक्या संख्येत. त्याची घरटी धानाच्या बांधीतही असतात, म्हणजे त्याचे रक्षण अभयारण्याच्या सीमेवर नव्हे, शेतकऱ्याच्या धुऱ्यावर ठरते.

जंगलाचे राखणदार

तलावाचे पाणी ज्या उतारावरून येते तेथे जंगल असते, म्हणून थोडे जंगलाविषयी. चिचगड-देवरी भागात उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपाने ही रोख पैशाची मोठी साधने. मोहाखालची पाने जाळली की फुले वेचणे सोपे जाते. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाई. आग पसरते, रोपे मरतात, माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात तलावाकडे निघते. संग्राहक ठेकेदाराचा मजूर असतो तोवर पुढच्या वर्षीचे जंगल ही त्याची चिंता नसते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंसाधनावर हक्क दिला. त्या तरतुदीत चार क्रिया एकत्र येतात : संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन. कायद्याच्या भाषेत शब्द उगाच वाढवलेले असतात, असा आपला समज असतो. येथे प्रत्येकाचे काम वेगळे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली हा हक्क मिळाला. पुढे देवरी तालुक्यातील अनेक ग्रामसभांनीही तो मिळवला आणि एकत्र येऊन तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या. पाने तोडणाराच विक्रेता झाला की आग न लावण्याचे, झुडपे छाटण्याचे, काही पाने राखण्याचे नियम त्याच्या हिताचे ठरतात.

अर्थशास्त्रात या प्रश्नावर मोठा वाद झाला. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले की सर्वांच्या मालकीची गोष्ट अखेर ओरबाडली जाते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे तपासून १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की लोक स्वतः नियम करतात, त्यांवर देखरेख ठेवतात आणि अशी व्यवस्था दीर्घकाळ टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पाणकराला हे ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. त्याला स्वतःचा तलाव ठाऊक होता.

भाषेच्या विद्यार्थ्याचे काम

मारुती चितमपल्ली यांचे नाव तुम्ही साहित्याच्या अभ्यासात वाचले असेल. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला अनेक वर्षे होते आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग त्या तलावाकाठी घडला. त्यांनी तेथील ढिवर, गोंड, कोहळी लोकांकडून मासे, पक्षी आणि वनस्पतींची नावे शिकून घेतली, हे त्यांच्या गद्याचे बळ आहे. ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे शब्द मराठीला त्यांच्याकडून मिळाले. झाडीबोलीचे संशोधक हरिश्चंद्र बोरकर यांचे काम वेगळ्या अंगाने याच दिशेचे होते.

ज्या वनस्पतीला नाव आहे ती हरवली हे कळते. जिला आपण ‘गवत’ किंवा ‘शेवाळ’ म्हणतो ती हरवली तरी कळत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती घाईने, दुसऱ्या गावची पाहून भरली गेलेली असते आणि स्थानिक नावांच्या रकान्यात प्रमाण मराठीतील नावे उतरवलेली दिसतात. असे घडू नये म्हणून त्या कामात बोली जाणणारा, ऐकून अचूक लिहिणारा माणूस लागतो. तो तुमच्यातला असू शकतो.

स्वाध्याय

आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या तलावावर, ओढ्यावर वा राखीव रानात तेथील जुन्या जाणत्या व्यक्तीबरोबर एकदा सकाळी आणि एकदा उन्हाळ्यात जा. तिच्याकडून त्या जागेच्या अंगांची, वनस्पतींची व प्राण्यांची नावे विचारून उच्चाराप्रमाणे लिहा. प्रमाण रूप सुचवू नका. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारा : हे कशाला लागते, हे कोण राखत असे, आणि आता कोण राखते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर रकाना कोरा ठेवा, स्वतः भरू नका. किती रकाने कोरे राहिले आणि ते कोणत्या नावांपुढचे आहेत, यावर ३०० शब्दांत टिपण लिहून संपर्कसत्राला घेऊन या.